दातात धरलेला मुखवटा

आईच्यान सांगते, देवाच्यान सांगते, आणि तेवढ्याने तुमचं भागत नसेल तर आरवलीच्या वेतोबाला नवसाने वाहतात त्या चपलांवर हात ठेवून सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. माझी नातवंडं असं म्हटलं की लगेच एकमेकांकडे बघतात. बघू देत. वाघाची गोष्ट मी जरा वाढवली होती, कबूल. तो वाघ नव्हता, बोका होता. पण बोका मोठा होता. आणि ही गोष्ट बोक्याची नव्हे.

तर मी सहावीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभी होते. कडेवर लोणच्याची बरणी. आणि आतून एक म्हातारी ओरडली,

"गो सुने, चाय ठेव! आणि साखर कमी घाल, साखर काय तुज्या बापाशीन पाठवल्यान?"

वर्ग हसून हसून बाकाखाली गेला. मी टाचा उंचावून बघितलं. म्हातारीच्या चेहऱ्यावर लाकडाचा मुखवटा होता, पण अर्धाच, नाकापर्यंतचा. खालचे ओठ आणि हनुवटी अकरा वर्षांच्या पोरीची होती. ती हनुवटी मी ओळखली आणि बरणी माझ्या कडेवरून सटकली ती थेट पायावर. बरणीला काही झालं नाही, चिनी मातीची होती. माझ्या अंगठ्याचं नख काळं झालं. पन्नास वर्षं होत आली, अजून काळंच आहे.

ती पोरगी म्हणजे जानकी घाडी. माझ्या वर्गात दोन वर्षं होती आणि दोन वर्षांत तिच्या तोंडून मी एक अक्षर ऐकलेलं नव्हतं. मुकी नव्हती हो. आई मुंबईला एका हॉस्पिटलात आयाचं काम करायला गेली, पोर मावशीकडे राहिली, आणि एसटी सुटली त्या दिवसापासून हिने तोंड मिटलं. विचारलं की मान हलवायची. फार विचारलं की मानही हलवायची नाही.

आणि माझं काम काय, तर पोरांना बोलतं करणं. सावंतवाडीपासून सात मैलांवरची आमची शाळा. तिथे मी अकरा वर्षं मराठी शिकवत होते. परुळेकरबाई म्हटलं की तालुक्यातला इन्स्पेक्टरसुद्धा खुर्चीत सरळ बसायचा. पोरांना विचारावं, 'काय रे, कसं वाटतंय?' तर उत्तरं दोनच, 'बरा' नाही तर 'बरा नाय'. म्हणून मी बरणी काढली. सासूबाईंची लोणच्याची, धुतली तरी मोहरीचा वास काही जाईना. दर शनिवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी टाकायची, त्या आठवड्यात मनात काय काय झालं त्याचा एक शब्द. एका महिन्यात एकदा आलेला शब्द पुन्हा चालायचा नाही. मग पोरं घरी जाऊन आजीला छळायची. हुरहूर यायची, धास्ती यायची, रुखरुख, चुटपुट, त्रागा, जळफळाट. एकाने 'गॅस' लिहून आणलं. म्हटलं, बाळा, ही भावना नव्हे. तर म्हणतो, "माज्या आज्याक सगळ्यात जास्ती तीच होता."

जानकी दर शनिवारी चिठ्ठी टाकायची. चार घड्या घालून, नीट. उघडली की कोरी. मी त्या सगळ्या कोऱ्या चिठ्ठ्या वेगळ्या जपून ठेवल्या होत्या. म्हणायचे, एक ना एक दिवस यातून शब्द पडेल, आणि तो माझ्याच बरणीत पडेल.

आणि तो पडला कुठे? तर हेमांगी शिरोडकरच्या पुढ्यात. आणि काय पडला? चाय ठेव!

ही हेमांगी जूनमध्ये आली होती. सव्वीस वर्षांची, बारीक, मानेला असा काही झोका देऊन बोलायची की समोरच्याला वाटावं आपलीच मान लचकली. बाली बेटावर दोन वर्षं राहून तिकडचं नृत्यनाट्य शिकून आलेली. तिकडे म्हणे एकेक माणूस एकामागून एक मुखवटे चढवतो आणि अख्खं राज्य एकट्याने उभं करतो, प्रधान तोच, म्हातारा तोच, विदूषक तोच. डोळ्यांची बुबुळं अशी टचकन् फिरवायची की बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं. आमचे हेडमास्तर कोचरेकर सर तिच्यासमोर असे बसायचे, जसं काही तेच पहिलीत आलेत.

वर्ग सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. अंगठा ठणकत होता.

"जानकी बोलली म्हणे."

"हो ना बाई!" तिचे डोळे असे चमकले की मला जास्तच राग आला. "अर्धा मुखवटा दिला तिला. तिकडे विदूषकांचा मुखवटा असा अर्धा असतो, तोंड मोकळं. म्हणजे बोलायला येतं."

"मी दोन वर्षं घासतेय तिच्यामागे."

"ठाऊक आहे मला. म्हणूनच आधी तुम्हाला सांगायला येणार होते."

"मग माझ्यापुढे का नाही बोलत ती?"

ती माझ्या जवळ सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, रागावू नका. तुम्ही तिच्या बोलण्याची वाट बघता ना, ती दिसते."

यात रागावण्यासारखं काय होतं सांगा. काही नव्हतं. घरी जाऊन मी तव्यावरची भाकरी उलटायला विसरले, आमच्या ह्यांनी काळी भाकरी मुकाट्याने खाल्ली आणि विचारलं, "आज शाळेत कोण मेलं?"

पुढच्या महिन्यात शाळेच्या गॅदरिंगची मीटिंग झाली. गॅदरिंगचं नाटक म्हणजे माझं, अकरा वर्षं माझं. शिवाजी महाराजांची दाढी माझ्या पेटीत असायची. कोचरेकर सरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि म्हणाले, "यंदा परुळेकरबाईंना जरा विश्रांती देऊ या म्हणतो मी. शिरोडकरबाई बालीचा प्रकार बसवतील. नवीन आहे, लोकांना बरं वाटेल."

"मी दमलेय असं कोण म्हणालं?" मी विचारलं.

कोणीच म्हणालं नव्हतं. सगळे चहाच्या कपात बघत होते.

तालमी माझ्याच वर्गात व्हायच्या, कारण तो मोठा. मी मागच्या बाकावर वह्या तपासत बसायचे आणि एकाच वहीवर तासभर लाल पेन फिरवायचे. मुखवटे आमच्या सावंतवाडीच्या गुंडू चिताऱ्याने पांगाऱ्याच्या लाकडाचे केले होते. लाकडी केळी, लाकडी वांगी करणारा माणूस, त्याने पहिल्यांदाच माणसाचं तोंड कोरलं होतं. अर्धे मुखवटे दोरीने बांधायचे. पण शेवटचा, सगळ्यात मोठा, पांढरा, पुढे आलेल्या दातांचा, त्याला दोरीच नव्हती. आतून तोंडापाशी कातड्याची एक पट्टी ठोकलेली, ती दातात घट्ट धरायची.

गुंडू डोकं खाजवत होता. "बाय, ह्यो दातांत धरूचो? मगे बोलूचा कसा?"

"बोलायचंच नाही, गुंडूकाका," हेमांगी म्हणाली. "जुन्या काळी तिकडे असेच मुखवटे धरायचे. हा मुखवटा खरं तर तिकडे मंत्र म्हणतो, पण आपण मंत्र कुठून आणायचे? आपला मुकाच राहू दे."

मग तिने पोरांना त्याची गोष्ट सांगितली. राजाने मोठा यज्ञ मांडला. लांबून एक ब्राह्मण आला, कपडे फाटके, अंगावर धूळ. दारावरच्यांनी त्याला हाकलून दिलं. तो रागाने म्हणाला, होऊ दे तुमचा यज्ञ कसा होतो ते बघतो. आणि पिकं करपली, रोगराई आली, यज्ञ काही पुरा होईना. राजा धावत त्याच्यामागे गेला, हात जोडले. तेव्हापासून तिकडे कुठलंही कार्य असो, शेवटी हा मुखवटा आल्याशिवाय ते पुरं झालं असं धरत नाहीत. तो येतो, तांदूळ उधळतो आणि बघायला बसलेल्या पोरांमधलं एक पोर पकडून त्याच्या हातावर काही तरी ठेवतो. पोरं किंचाळत पळतात. पण पोर पकडल्याशिवाय मुखवटा उतरवायचा नाही. हा नियम.

"आणि तो घालण्याआधी कपाळाला लावायचा," हेमांगी म्हणाली. "लाकूड आहे म्हणून वाटेल तसा फेकायचा नाही."

मी मागच्या बाकावरून मनात म्हटलं, बरोबर केलंन् त्या ब्राह्मणाने. न बोलावलेल्या माणसाचं दुःख राजाला काय कळतं?

आता बरणीचं ऐका. त्या डिसेंबरात बरणी रिकामी व्हायला लागली. तीस चिठ्ठ्यांच्या वीस झाल्या, मग बारा. मी ओरडले तर पुढच्या बाकावरचा म्हणतो, "बाई, लिहायचं कशाला? करून दाखवतो," आणि बुबुळं गरागरा फिरवून दाखवलीन्. वर्ग टाळ्या पिटायला लागला. जानकीची चिठ्ठी मात्र दर शनिवारी येत होती. चार घड्या. कोरी. तिकडे हेमांगीपुढे चाय काय, साखर काय, सुनेचं माहेर काय, घडाघडा बोलत होती, आणि मला कोरा कागद!

एका शनिवारी मी तिला थांबवून घेतलं.

"शिरोडकरबाईंपुढे बोलतेस ना गं?"

मान हलली.

"मग मी काय तुझं घोडं मारलंय?"

खाली बघायला लागली. मी तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. जरा जोरात धरली असेन. बोटं उठली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली, मी सोडेपर्यंत.

मी वर्गात मुलांना हेवा, असूया आणि मत्सर यांतला फरक शिकवलेला होता. हेवा म्हणजे तुझ्याकडे आहे ते मलाही हवं. असूया म्हणजे तुझं चांगलं झालेलं मला बघवत नाही. मत्सर म्हणजे माझ्याकडे नाही ना, मग तुझ्याकडेही नको. फळ्यावर तीन रकाने आखून, उदाहरणांसकट. इन्स्पेक्टरने वहीत लिहून घेतलं होतं. मला विचाराल तर तेव्हा मी तिसऱ्या रकान्यात मुक्कामाला होते, बिछान्यासकट.

गॅदरिंगचा दिवस आला. दुपारी चारचा कार्यक्रम. सकाळी ऑफिसबाहेर यादी लावली होती, कोण कुठला मुखवटा घालणार त्याची. मी तिच्यापुढून गेले, पण माझा चष्मा नेमका घरी राहिला होता, त्यामुळे मला काही ती वाचता आली नाही. आणि वाचायचं काय त्यात? शेवटचा मुखवटा हेमांगीच घालणार, माझी खात्रीच होती. सगळ्यात मानाचा तो. तिच्या जागी मी असते तर मीच घातला असता.

दुपारी जेवायला घरी गेले. ताटात आमटी होती, गिळवेना. परसात लवंगी मिरचीचं झाड होतं. आमची ती लवंगी म्हणजे काय सांगू, कावळा एकदा चोच मारून गेला तो आंबोलीच्या घाटात जाऊन ओरडला. दोन मिरच्या तोडल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि शाळेत आले.

मुखवटे वर्गात टेबलावर ठेवले होते, पांढऱ्या कापडाखाली. सगळे मांडवात सतरंज्या घालत होते. मी कापड वर केलं. तो पांढरा माझ्याकडे दात विचकून बघत होता. त्याला उलटा केला, मिरच्या मोडल्या आणि कातड्याच्या पट्टीवर चोळल्या. वरून चोळल्या, खालून चोळल्या, टाके घातले होते त्या प्रत्येक भोकात बी दाबून बसवलं. मग कापड होतं तसं घातलं आणि हात धुवायला विहिरीवर गेले. तीनदा धुतले.

चार वाजता मांडव भरला. चार हजार माणूस होतं. बरं, चारशे. पण मला ते चार हजारच वाटत होतं. पडद्याची सोय म्हणून माझ्याच दोन साड्या टांगलेल्या होत्या. मी विंगेत उभी होते, पोरांना पाणी द्यायला. अकरा वर्षं नाटक बसवलेली बाई, पाणी द्यायला.

खेळ रंगला, खोटं कशाला बोलू. प्रधान आला, म्हातारा आला, विदूषक आले. जानकीची म्हातारी आली आणि बायका पदर तोंडात धरून हसल्या. तिची मावशी पहिल्या रांगेत रडत होती. हेमांगी बाजूला बसून ढोलकं वाजवत होती आणि देवळातून आणलेल्या पितळी तासावर मधूनच टोल देत होती. शेवटचा भाग जवळ आला. मी वाट बघत होते, आता ती ढोलकं कोणाकडे देणार आणि आत येणार.

ती उठेना.

टोल पडायला लागले, एक, दोन. ती जागची हललीच नाही. आणि माझ्या मागून जानकी आली. म्हातारीचा मुखवटा उतरवलेला, केस वर बांधलेले, अंगाला पांढरं कापड गुंडाळलेलं. तिने विंगेतल्या टेबलावरून तो पांढरा मुखवटा दोन्ही हातांनी उचलला. डोळे मिटले. कपाळाला लावला. मग उघडं तोंड पुढे केलं, पट्टी दातात धरायला.

"थांब!"

मी ओरडले ते पहिल्या रांगेत ऐकू गेलं. आता खरं तर नुसतं सांगता आलं असतं, जानकी, घालू नको. पण मग 'का' विचारलं असतं. सगळ्यांनी विचारलं असतं. मी धावले आणि तिच्या हातातून मुखवटा ओढून घेतला. तिने सोडला नाही. अकरा वर्षांची पोर, पण धरलान् तो असा! मी हिसडा दिला. ती मागे टेबलावर आदळली.

"बाई, काय करताय?" बाजूला पेटी वाजवत बसलेले कोचरेकर सर अर्धे उठले.

जानकी माझ्याकडे बघत होती. या वेळी कॅलेंडरकडे नाही.

बाहेर टोल वाजत होता. पोरं विंगेत गोळा झाली होती, सगळ्यांचे डोळे माझ्यावर, सगळ्यांना दिसलं होतं की परुळेकरबाईंनी पोरीच्या तोंडचा घास काढला. मी टेबलावरचे तांदूळ मुठीत घेतले, खाज्याची पुडी कमरेला खोचली, मुखवटा वर केला, पट्टी दातात धरली आणि रंगमंचावर गेले. पातळ नेसलेलं, पदर खोचलेला, वर तो दातविचक्या.

पहिली दोन पावलं काही झालं नाही. तिसऱ्या पावलाला जिभेचा शेंडा गेला. मग ओठ गेले. मग हिरड्या, टाळू, कान. कान का जळावेत? पण जळले. मी उडी मारली. मांडवातून आवाज आला, "वा वा!" मी गरागरा फिरले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, मुखवट्याच्या भोकांतून बाहेर आल्या आणि पांढऱ्या गालांवरून ओघळायला लागल्या. बायका एकमेकींना म्हणतात, "गो, मुखवटो रडता बघ! खराच रडता!" मुखवट्याचे दात हललेले दोघींनी बघितले, त्या अजून सांगतात. थुंकता येत नव्हतं. ओरडता येत नव्हतं. तोंड उघडलं की मुखवटा पडणार, आणि पोर पकडल्याशिवाय तो उतरवायचा नाही, हे पहिलीच्या पोराला पण पाठ होतं. मी तांदूळ उधळले ते निम्मे माझ्याच डोक्यावर पडले. हेमांगीने ढोलक्याची गती वाढवली. तिला वाटलं असेल, बाई रंगात आल्या.

पोर पकडायला मांडवात उतरले. पोरं किंचाळत पळाली, आयांच्या मागे, खांबांवर, एक तर कोचरेकर सरांच्या मांडीवर. मला धड दिसत नव्हतं. हात पुढे करून नुसती चाचपडत होते. एकच पोर पळालं नाही. रंगमंचाच्या पायऱ्यांपाशी उभं होतं, अंगाला पांढरं कापड तसंच. मी त्याचा दंड धरला.

जानकी. तिने मान वर करून मुखवट्याच्या दोन्ही भोकांत बघितलं. आत कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

"बाई," ती म्हणाली. मोठ्याने. चारशे माणसांत. "माका तुमचो राग इलो!"

ढोलकं थांबलं. माझा जबडा सुटला आणि मुखवटा खाली पडला.

"काय म्हणालीस?" माझे ओठ हे एवढे सुजलेले, शब्द तरी नीट आले असतील की नाही.

"राग इलो! तो माझो मुखवटो होतो! तुम्ही माका ढकललास!"

"आणखी?"

"आणखी... तुम्ही वायट असास!"

मी खाली बसले. हसत होते की रडत होते ते मला विचारू नका, मिरचीत दोन्ही सारखंच दिसतं. नियम आठवला. कमरेला खोचलेली खाज्याची पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. गुळाचं खाजं, आल्याचं, जत्रेतलं. लोकांना वाटलं हे नाटकातलंच. टाळ्या अशा पडल्या की मांडवावरचे कावळे उडाले.

सगळे गेल्यावर मी विहिरीवर तोंडात पाणी धरून बसले होते. हेमांगी मुखवटा घेऊन आली. धुवायला. पट्टीवर बोट फिरवलं, मग तेच बोट डोळ्याला लागलं असावं.

"आई गं!"

मी पाणी थुंकलं.

तिने मुखवटा उलटा केला, टाक्यांतलं एक बी नखाने काढलं आणि तळहातावर ठेवून माझ्यापुढे धरलं. एक डोळा लाल.

"बाई, हे तुम्ही?"

"मला वाटलं, तू घालणार आहेस."

"माझ्यासाठी?"

"हो. तुझ्यासाठी."

ती विहिरीच्या कठड्यावर बसली. मला वाटलं आता ही सरांकडे जाणार, माझी नोकरी गेली. आणि ही हसायला लागली. हसता हसता म्हणाली, "म्हणजे जानकीच्या हातात बघितलंत आणि स्वतः घेतलंत. सगळं ठाऊक असून दातात धरलंत!" मग माझ्या सुजल्या तोंडाकडे बघून हसू आवरलंन्. "मला चालेल, बाई. माझ्यासाठी होती ना, मग चालेल. मी तुमचं गॅदरिंग घेतलं. पोरीला लागली असती तर मात्र मी तुम्हाला जन्मात माफ केलं नसतं."

"मी तरी केलं असतं काय?" मी म्हटलं.

सोमवारी बरणीत एकच चिठ्ठी होती. शनिवार नसताना टाकलेली. चार घड्या. आत मोठ्या अक्षरात 'राग'. त्या महिन्यात तो शब्द आधी येऊन गेलेला होता, नियमाने बाद. मी नियम गुंडाळून ठेवला. पुढच्या शनिवारी 'चीड' आली, मग 'वैताग', मग 'संताप', सहा आठवडे सगळं माझ्या नावाने. सातव्या आठवड्यात 'रुखरुख'. विचारलं, "कसली गं?" तर म्हणते, "तुमचा तोंड सुजला तेची."

हेमांगी पुढे चार वर्षं होती, मग लग्न होऊन पणजीला गेली. दर दिवाळीला कार्ड यायचं, खाली एक मिरची काढलेली. तीन वर्षांपूर्वी ती वारली. आणि जानकी एसटीत कंडक्टर झाली. तिकीट तिकीट म्हणून ओरडली की पुढच्या स्टॉपवरची माणसं पैसे काढायची. आता रिटायर झाली. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. शाळेच्या शंभरीला भाषण करायचं आहे तिला, मिरचीची तीच गोष्ट सांगणार आहे, हेमांगीने पुढे तिला सांगितली होती ती.

"बाई, मी सगळ्यांका सांगतलंय, आमच्या बाईंनी माझ्यासाठी मिरची खाल्ल्यानी. तुमका बिचाऱ्यांका काय म्हायती, त्या यादीत माझा नाव आसा म्हणान!"

मी म्हटलं, "सांग हो, सांग." आणि फोन ठेवला. तेव्हापासून आमटी पुन्हा घशाखाली उतरत नाही.

तर वेतोबाच्या चपलांची शपथ मी घेतली आहे, आणि त्याच्या चपला मोठ्या असतात. म्हणून एवढं सांगून टाकते. बाकी सगळं खरं, कावळा आंबोलीला गेला तोसुद्धा. एक तेवढं मी बनवून सांगितलं. हेमांगीलाही तेच सांगितलं होतं, आणि तिने मला माफ केलं ते जे मी केलंच नव्हतं त्याबद्दल.

त्या सकाळी चष्मा घरी राहिला म्हणाले होते ना? घरी कुठला राहतोय! तो सकाळपासून माझ्या डोळ्यांवरच होता. यादीतलं शेवटचं नाव मी दोनदा वाचलं होतं.